घासून स्वच्छ केलेले हात

या उन्हाळ्यात राहात्याला मुलगी बघायला निघालो, त्या सकाळी मी कितीतरी वेळ हात घासत बसलो होतो. लाकडाचा भुसा, कपड्याची पावडर, वरून थोडं रॉकेल. नगरच्या एमआयडीसीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. लेथवर पंपांचे शाफ्ट बनवतो. तिथलं काळं नखांतून काही केल्या निघत नाही. मामा म्हणाले, हातांचं राहू दे, तू फक्त तोंड बंद ठेव. वर्कशॉप म्हटलं की पोरीवाले पाठ फिरवतात, आधीची स्थळं त्यापायीच गेली. म्हणून त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, मी कंपनीत सुपरवायझर.

मुलीचे वडील कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. पोहे येईपर्यंत त्यांनी आम्हाला पार जपान फिरवून आणलं. काही देश पुढे का गेले, आपण मागे का राहिलो, हा त्यांचा आवडता विषय. तिकडे म्हणे वस्तू घडवणाऱ्याला मान असतो, पत्र्याच्या शेडातून मोठाले कारखाने उभे राहतात. आपल्याकडे मात्र ज्याला त्याला खुर्ची हवी. ऐकून मला इतकं बरं वाटलं, की म्हटलं आता खरं सांगून टाकावं. तेवढ्यात ते मामांकडे वळले.

"नोकरी पर्मनंट आहे ना?"

मामा म्हणाले, हो तर. आणि मी गाढवाने मान डोलावली.

मग आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, हे मला तिथे कळलं. माझ्या मनगटावर ताजा चटका होता, लेथवरून उडालेल्या तापल्या लोखंडी किसाचा. तो बघून तिने विचारलं, सुपरवायझर स्वतः मशीनवर उभे राहतात का? मी सगळं सांगून टाकलं.

ती चिडली नाही. चिडली असती तर परवडलं असतं.

"वर्कशॉपवाल्यासाठी मी पप्पांशी भांडले असते," ती म्हणाली. "पण तुम्हालाच त्याची लाज वाटते, तर मी कशाच्या जोरावर भांडू?"

दुसऱ्या दिवशी मी लेथवर असताना तिच्या वडिलांचा फोन आला. आम्हाला तुम्ही पसंत आहात, पण मुलगी नाही म्हणतेय आणि कारण सांगत नाही, असं म्हणत होते. बिचारे अगदी ओशाळले होते. तिने माझं खोटं घरात उघडं केलं नव्हतं. शरमेने मान वर होईना. मी मशीन बंद केलं आणि म्हणालो, सर, मी सुपरवायझर नाही. माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, मी लेथ चालवतो.



"असं होय," ते म्हणाले. "मग बरंच झालं म्हणायचं."

त्यांनी फोन ठेवला. लाज मात्र मलाच वाटत राहिली. खरं बोललो होतो, पण ती हातची गेल्यावर.