आधी मामा, मग पेशंट

सोलापुरात दुखणं कोणाचंही असो, सुई आधी आमच्या थोरल्या मामांना टोचते. निदान आमच्या गोतावळ्यात तरी या नियमाला अपवाद झालेला मला माहीत नाही. मामा माझे नव्हेत, माझ्या बायकोचे. पण लग्नात तिच्याकडून जे काही माझ्या वाट्याला आलं, त्यात सगळ्यांत टिकाऊ निघाले ते हेच. त्यांचं नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण त्या घरात एकच नाव दोघांचं आहे. मामांचे आजोबा वारले त्या वर्षी दोन्ही सुनांना दिवस गेलेले होते आणि दोघींना मुलगेच झाले, अकरा दिवसांच्या अंतरानं. आजोबांचं नाव कोणाच्या मुलाला द्यायचं यावरून भांडण नको म्हणून दोन्ही भावांनी ते आपापल्या मुलाला ठेवून टाकलं. भांडण टळलं आणि गोंधळ कायमचा घरात आला. शाळेत हजेरीला दोघं एकदम ‘हजर’ म्हणायचे. तेव्हापासून अकरा दिवसांनी मोठे ते थोरले मामा आणि दुसरे धाकटे मामा. दोघंही आता एकसष्टीचे, आणि आमच्यासाठी नावाची गरजच संपलेली.

थोरल्या मामांचा जगाविषयीचा सिद्धांत साधा आहे. जे दुसऱ्याच्या अंगाला लागायचं, ते आधी आपल्या अंगाला लावून बघावं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे आठ माग आहेत, टॉवेलचे. नवा माल उतरला की मामा आधी नळावर जाऊन खसाखसा तोंड धुणार, पहिल्या टॉवेलनं पुसणार, कानामागे घासून बघणार आणि मगच गठ्ठे बांधायला सांगणार. इथपर्यंत ठीक होतं. पण हाच कायदा त्यांनी दवाखान्यालाही लावला. आमच्या मुलाला लस द्यायची होती तेव्हा ते शर्टाची बाही वर करून डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात बसले. “आधी मला टोचा. पोरगं बघतंय.” बिचाऱ्या बाईंनी त्यांच्या दंडाला स्पिरिटचा बोळा लावला आणि पेनाचं टोपण टेकवलं. मामा मुलाकडे बघून म्हणाले, “बघ, एनू आगंगिल्ल.” काहीही होत नाही, हे त्यांचं ठेवणीतलं कानडी वाक्य, आणि कानडीत म्हटलं की ते जास्त खरं वाटतं असा त्यांचा समज. मुलानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि दुप्पट रडायला सुरुवात केली. माझ्या सासूबाईंची दाढ काढायची होती तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीत आधी मामाच आडवे झाले, “बघ अक्का, नुसतं तोंड उघडायचं,” म्हणून जबडा वासला, आणि डॉक्टरांना त्यात दोन किडलेल्या दाढा सापडल्या. त्या दिवशी सासूबाई हसत घरी आल्या आणि मामा गाल धरून. मी स्वतः बँकेत नोकरी केलेला माणूस. कुठल्याही कागदाला हात लावण्याआधी तीनदा वाचणारा. मला या माणसाचा प्रथमपासून राग यायचा आणि प्रथमपासून त्यांच्याशिवाय कोणत्याही दवाखान्याची पायरी चढवत नसे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतात, ते मला विचारू नका.

आता जे घडलं ते सांगतो, पण ते ओळीनं लावायला बसलो की माझंच डोकं गरगरतं. कुंभारी गावात एका साखरपुड्याचं जेवण होतं. तिथे धाकट्या मामांनी दुसऱ्या वाढीला छातीवर हात ठेवला. धाकटे मामा म्हणजे फिनेलच्या वासानं घाम फुटणारा माणूस. तीन दिवस दुखत राहिलं तरी ते दवाखान्याचं नाव काढू देईनात. शेवटी थोरले मामा म्हणाले, “तू नुसता संगं चल. तपासणी आधी माझी. मग तुझी.” आणि हृदयाच्या डॉक्टरांपुढे बसल्यावर या गृहस्थांनी खरोखरच सांगायला सुरुवात केली, “डॉक्टरसाहेब, माझ्याबी छातीत दुखतंय. जिना चढलं की हितं गच्च हुतंय, डाव्या हातात कळ उतरतीया, घाम सुटतोय.” मी शेजारी उभा होतो. इतकं बेमालूम सोंग मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. घरी येऊन मी बायकोला ते करून दाखवलं, तेव्हा ती हसून हसून म्हणाली, “आमच्या मामांनी टॉवेलात जन्म वाया घालवला.” डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी दोघांचीही रक्ताची तपासणी आणि हृदयाचा सीटी स्कॅन लिहून दिला. शिरेत औषध सोडून यंत्रात सरकवतात ती तपासणी. आधी थोरले सरकले, बाहेर येऊन “लई गार हाय आत, झोप लागती,” असं प्रमाणपत्र दिलं, आणि मग धाकटे सरकले.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर दोन पाकिटं मिळाली. दोन्हींवर तेच नाव, तेच आडनाव, वय एकसष्ट, पुरुष. वडलांचं नाव लिहायची त्या सेंटरची पद्धत नव्हती. एका पाकिटात सगळं ठीक. दुसऱ्यात मुख्य शिरेपासून तीन ठिकाणी अडथळे, ताबडतोब सर्जनना दाखवा. थोरल्या मामांनी दोन्ही कागद वाचले, धाकट्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि वाईट पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं. ज्याच्या छातीत दुखतंय त्याचंच ते असणार, हे इतकं उघड होतं की विचारायचं कोणी आणि काय? कागद तीनदा वाचणारा मीसुद्धा तिथेच होतो, आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही.

पुढचे पाच आठवडे आमच्या घराला एकच उद्योग होता. पहिले डॉक्टर म्हणाले, बायपास करा. दुसरे म्हणाले, शिरेत स्प्रिंग टाकून भागेल. मग पुण्याला गेलो, तर तिथले म्हणाले, बायपासच, आणि इतके दिवस थांबलात कसे? प्रत्येक डॉक्टर चिठ्ठीच्या पाठीमागे हृदयाचं चित्र काढून समजावून देत. एकाचं हृदय आंब्यासारखं, दुसऱ्याचं वांग्यासारखं, तिसऱ्यानं तर नुसत्या तीन रेघा ओढल्या आणि मधल्या रेघेवर फुली मारली. रात्रीच्या जेवणाआधी ती तिन्ही चित्रं टेबलावर मांडून सगळं घर त्यावर ओणवं व्हायचं. धाकट्या मामी एकदा अर्धा तास आंबा उलटा धरून बसल्या होत्या. डावी शीर आपली डावी की चित्राची डावी, यावर धाकट्यांचे जावई आणि व्याही यांच्यात शब्दाला शब्द लागला. धाकट्या मामांचं मीठ तुटलं, तेल तुटलं, शेंगाचटणी तुटली, आणि गंमत म्हणजे त्यांचं छातीतलं दुखणंही थांबलं. तरी ते दिवसेंदिवस वाळत चालले, कारण कागदावर काय लिहिलं आहे ते त्यांना पाठ होतं. थोरल्या मामांनी आपला चांगला रिपोर्ट प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे आणि धाकट्यांच्या ताटातली बंद झालेली शेंगाचटणी स्वतः संपवायचे. पुण्याच्या दवाखान्यात लिफ्ट बंद होती तर यांनी दोघांच्या बॅगा उचलून तीन मजले चढवल्या. वर पोचल्यावर भिंतीला टेकले, चेहरा पांढरा. मी म्हटलं, “मामा, आता सोंग कोणासाठी?” ते कसनुसं हसले. माझं ते वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं.

शेवटी ऑपरेशन सोलापुरातच करायचं ठरलं. रक्त द्यायला मामांच्या मागांवरची माणसं सकाळीच मोटारसायकलींवरून येऊन ओळीनं उभी राहिली. धाकट्यांच्या बोटातून रक्त काढायचं म्हटल्यावर ते डोळे मिटून थरथरायला लागले. अर्थातच थोरले पुढे. “आधी माझं बोट घ्या, ताई.” तपासणाऱ्या ताई तरुण होत्या, पण शिस्तीच्या. त्यांनी दोघांचं रक्त तपासलं, धाकट्यांची फाइल उघडली, परत तपासलं. फाइलमध्ये रक्तगट होता बी. धाकट्यांचा निघाला ओ. आणि बी निघाला थोरल्यांचा.

“या नावाचं अजून कोणी आहे का तुमच्याकडे?” ताईंनी विचारलं.

“हाय की,” थोरले मामा हौसेनं म्हणाले, “मीच!” आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

सर्जननी दोघांनाही ठेवून घेतलं, सगळं नव्यानं तपासलं. धाकट्या मामांना साधं पित्त होतं. पाच आठवडे आम्ही वांगं आणि आंबा फिरवून पाहत होतो ते हृदय थोरल्या मामांचं होतं. त्या दुपारी आमच्या घरात कोणाला हसावं की रडावं ते कळेना. धाकट्या मामी नवरा वाचला म्हणून पेढे घेऊन आल्या आणि थोरल्या दिरांसमोर उभ्या राहून पुडा पदराखाली लपवू लागल्या. धाकटे मामा स्वतःच्या छातीवर हात फिरवत पुन्हापुन्हा विचारत होते, “म्हणजे मला काहीच न्हाय?” त्यांना बरं वाटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून सही त्यांनीच केली. काउंटरवरचे साहेब ते बघून म्हणाले, “या रकान्यात पेशंटनं नाही, नातेवाइकानं सही करायची.” समजावण्यात पाऊण तास गेला. दोघांची आधार कार्डं शेजारीशेजारी ठेवली तरी साहेबांची खात्री पटली नव्हती, ते नुसते कंटाळले.

थोरल्या मामांनी ऑपरेशनला मात्र साफ नकार दिला होता. सर्जन म्हणाले होते, फार दिवस नाहीत. तरी मामा भिंतीकडे तोंड करून पडलेले. सगळे सांगून थकले. थोरल्या मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, जबरदस्ती करणारं हक्काचं माणूस कोणी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी विचारलं, “मामा, पहिल्या दिवशी डॉक्टरांना सांगितलंत, जिना चढताना कळ येते म्हणून, ते सोंग नव्हतं ना?”

त्यांनी भिंतीचा पोपडा नखानं खरवडला. मग म्हणाले, “वरीस झालं की जावई.”

“अहो, मग सांगितलं का नाही?”

“कुणाला सांगायचं? काय म्हणून सांगायचं?” ते माझ्याकडे वळले. “आजवर दवाखान्यात गेलो ते कुणाला तरी घिऊनच. आपल्यासाठी म्हणून कसं जायचं, खिडकीवर काय बोलायचं, तेच कळंना. दोनदा दारापतूर जाऊन परत आलो. मग ह्याच्या छातीत दुखायला लागलं. खरं सांगू का, लई बरं वाटलं बघा मला.”

मी म्हटलं, “मामा, मला खूप भीती वाटतेय. तुमचं काही बरंवाईट झालं तर मी कोणासोबत दवाखान्यात जायचं?” हे मी त्यांना धीर देण्यासाठी म्हटलं नव्हतं. ते खरंच होतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, उठून बसले आणि म्हणाले, “कागद कुटं हाय? माझी सही ऱ्हायलीय न्हवं?”

ऑपरेशन झालं. साडेपाच तास लागले. ते बरे झाले, मागांवर जाऊ लागले, फक्त चालणं जरा सावकाश झालं आहे. दर तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं, आणि ती तारीख ते कधीच सांगत नाहीत. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन येतो.

“जावई, उद्या तुमचं काय दुखतंय का?”

“व्हय मामा,” मी म्हणतो, “गुडघा जरा.”

“मग जाऊन येऊ की. मी हाय संगं.”

माझे गुडघे उत्तम आहेत. आम्ही दोघं बाकावर बसतो. ते माझ्या गुडघ्याची चौकशी करतात, सोसायची ताकद वाढावी म्हणून काय खावं ते सांगतात. आतून त्यांच्या नावाचा पुकारा होतो, तेव्हा ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उठतात. “भिऊ नका. मी आलोच, तवर तुमचा नंबर लागंल.” दार बंद होतं, आणि ते उघडेपर्यंत मी गुडघ्यावर हात ठेवून बसून राहतो.