जर्मनीतला रस्सा आणि माझी एकमेव ओळख

माझ्या मुलीच्या जर्मनीत ज्या काही ओळखी झाल्या, त्या माझ्यामुळे झाल्या. हे मी शपथेवर सांगतो. कशा झाल्या, ते मात्र बायको चारचौघांत सांगू देत नाही. आज ती पंडरीच्या कापडबाजारात साड्या घ्यायला गेली आहे, म्हणून घाईघाईने लिहून काढतो.

प्राची आमची एकुलती एक. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, विषय सांडपाणी शुद्ध करण्याचा. (नातेवाइकांना आम्ही नुसतं ‘पाण्यातलं इंजिनीअरिंग’ सांगतो.) गेल्या उन्हाळ्यात ती सहा आठवड्यांच्या कोर्ससाठी जर्मनीला गेली. तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख क्लारा मॅडम कोर्स संपताना अठ्ठावीस जणांतून दोघांना सहा महिन्यांच्या कामासाठी निवडणार होत्या. त्या जागेवर प्राचीचा जीव जडला होता. अडचण एकच, पोरगी अबोल! परीक्षेत पहिली येईल, पण शेजारच्याला नाव विचारणार नाही.

आणि बाप कोण? मी! नोकरीची सगळी वर्षं सरकारी कार्यालयात गेली, आणि ओळख काढल्याशिवाय मी साधी रजासुद्धा मागितली नाही. रोज फोनवर माझा एकच प्रश्न असायचा.

“झाली का कोणाशी ओळख?”

“पापा, यहाँ सब अपना-अपना काम करते हैं।” (पोरगी हिंदी मुलखात वाढलेली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.)

“काम तं सारेच करतेत! पण त्या मॅडमच्या नजरेत तू भरली पायजे!”

चौथ्या आठवड्यात संधी चालून आली. शनिवारी दुपारी हॉस्टेलात सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. प्रत्येकाने आपल्याकडचा पदार्थ करायचा, आणि मॅडमही येणार! प्राची म्हणाली, मी फळं कापून ठेवते.

“फळं?” मी ओरडलो. “फळं खाऊन कोणी कोणाले लक्षात ठेवते का? पाटवडीचा रस्सा कर! मी सांगतो तुले.”

“तुम्ही?” बायको म्हणाली. “तुमाले तं चहा करता येत नाही.”

“करता येत नाही, पण सांगता येते!”

(आमच्या कार्यालयात साहेब होण्यासाठी एवढंच लागतं.)

तिथे सकाळचे अकरा, इथे दुपारचे अडीच. प्राचीने फोन डब्याला टेकवून उभा केला आणि आमचा व्हिडिओ कॉल सुरू झाला. कांदा-खोबरं काळं होईपर्यंत भाजायला मी सांगितलं, तिने भाजलं. तेल तापलं, तिखट पडलं. आता आमच्या घरात फोडणीची परीक्षा एकच: ठसका! बाहेरच्या खोलीतला माणूस खोकला, तर फोडणी जमली. पण फोनमधून वास थोडाच येतो?

“ठसका लागला का तुले?”

“नहीं पापा।”

“मंग अजून तिखट टाक.”

“अब?”

“लागला?”

“नहीं।”

“टाक अजून!”

“अवो, पुरे करा!” बायको म्हणाली. “ते पोट्टी आपल्या घरात वाढली. तिले काय ठसका लागन?”

मुद्दा बिनतोड होता. पण तो पटेपर्यंत चौथा चमचा पडला होता. तेवढ्यात लांबून कोणीतरी खोकलं. मग आणखी दोघं. मग वरच्या मजल्यावरून खोकल्याचा एक कोरसच सुरू झाला!

“जमलं!” मी टाळी वाजवली.

आणि भोंगा वाजला. असा कर्कश, की पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीतलं कुत्रं फोनमधला आवाज ऐकून भुंकू लागलं. “पापा, फायर अलार्म!” एवढं ओरडून प्राचीने शेगडी बंद केली आणि ती पळाली. फोन तिथेच राहिला. आम्ही दोघं धुराने भरलेलं रिकामं स्वयंपाकघर बघत बसलो.

दहा मिनिटांनी पडद्यावर एक हेल्मेट आलं. सहा फुटी, गणवेशातला माणूस! मी ताडकन उभा राहिलो. गणवेश दिसला की आधी नमस्कार आणि लगेच शिफारस, ही माझी जुनी सवय.

“गुड आफ्टरनून सर! आय अ‍ॅम फादर!”

“फायर?” त्याने विचारलं.

“नो सर, रस्सा! माय डॉटर व्हेरी सिन्सिअर गर्ल, सर. प्लीज कीप इन माइंड!”

त्याने एकदा कढईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फोन बंद केला.

“तुम्ही आगीच्या बंबावाल्याले पोरीची शिफारस केली?” बायकोने शांतपणे विचारलं. तिचा शांत आवाज फार वाईट असतो.

पुढचा तास मी कसा काढला, मलाच ठाऊक. पोरीला पहिल्या विमानाने परत पाठवणार, याची मला खात्री होती. ती जागा गेली, कोर्स गेला, आणि घालवला कोणी? सख्ख्या बापाने, तेही चार चमचे तिखटासाठी!

शेवटी फोन वाजला.

“पापा, सब ठीक है।”

बायको रडली. मीही रडलो. (तिखट इथवर आलं, असं मी म्हणालो. कोणी हसलं नाही.)

झालं होतं असं. आत सोडेपर्यंत अख्खं हॉस्टेल पाऊण तास हिरवळीवर उभं होतं. आमची अबोल पोरगी लाजेने अर्धी झाली होती, पण ती एकेकाजवळ गेली, स्वतःचं नाव सांगितलं, माफी मागितली. सत्तावीसच्या सत्तावीस जणांची! जेवायला लवकर आलेल्या क्लारा मॅडमही तिथेच डोळे पुसत उभ्या होत्या. त्यांनाही तिने सांगितलं, “चूक माझी आहे.” (बापाचं नाव घेतलं नाही.)

कोर्स संपला आणि दोघांत प्राचीचं नाव आलं! मॅडम म्हणाल्या, “काम तर चांगलं आहेच. पण प्रयोगशाळेत लोक चुका लपवतात. तू कोणी विचारायच्या आधीच सांगितलीस.”

म्हणजे ओळखी तिच्या तिनेच केल्या. माझी जर्मनीत ओळख एकच, हेल्मेटवाल्याशी, आणि तीही त्याने मध्येच तोडली.

पण गल्लीत बातमी वेगळीच पसरली. परवा शेजारचे साहू भैया पेढे घेऊन आले. “भैया, मेरा लड़का भी जर्मनी जा रहा है। सुना है, वहाँ आपकी बड़ी पहचान है?”

“हव,” मी पेढा उचलत म्हणालो. “पहचान तो पक्की है। बस, लड़के को पहले आग लगानी पड़ेगी।”