मुकादमीण बर्फावर

रविवारी दुपारी मी तिच्या पोटऱ्यांना तेल चोळलं. आमच्या संसारात हे पहिल्यांदाच. नाहीतर तेल लावायचं काम तिचं आणि पाय पसरून बसायचं काम माझं. पण आदल्या दिवशी ती बर्फावर स्की करायला गेली होती आणि आता जिना उतरताना पायरीपायरीला 'आई गं' करत होती. सुनेनं खोबरेल कोमट करून दिलं. ही गादीवर पाय लांब करून बसली आणि मला म्हणाली, "जोर लावा की. जन्मभर माणसं राबवलीत, स्वतः कधी राबलात का?" मी जोर लावला. ती कळवळली. मग दोघंही हसलो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

मी बांधकाम खात्यात रस्त्याच्या टोळीवर मुकादम होतो. सगळी नोकरी साताऱ्याकडच्या घाटात गेली. हजेरी मी घ्यायचो, पण कुणाचं पोर तापलंय, कुणाचा नवरा पिऊन आलाय, कुणी कुणाची घमेली पळवली, ही सगळी गाऱ्हाणी हिच्याकडे जायची. म्हणून टोळीनं तिला मुकादमीण केलं आणि तेच नाव राहिलं. साहेब जीपमधून उतरला की आधी विचारायचा, मुकादमीणबाई कुठं आहेत. तेव्हा मला राग यायचा. आता कोणी तसं विचारावं असं वाटतं.

टोळीतल्या बायकांची पोरं खडीच्या ढिगावर खेळायची आणि पडायची. बाकीच्या बायका धावायच्या. ही जागची हलायची नाही. "पडलं तर पडलं. जमीन कुठं पळून जाते का? ऊठ," एवढंच म्हणायची. हात द्यायची नाही. हात दिला की सवय लागते, हे तिचं म्हणणं. स्वतःलाही तोच कायदा. एकदा डांबराच्या पिंपावरून पाय सटकून पडली, मनगट मोडलं, तरी मी पुढं केलेला हात बाजूला सारून कोपरावर रेटा देत उठली. मग मला म्हणाली, आता दवाखान्यात चला, बघत काय बसलात.

अमेरिकेत एडिसन गावी आम्ही आलो ते सुनेच्या बाळंतपणाला. मुलगा सुनील तिथं कंप्युटरच्या कंपनीत. सून अनघा, तीही शिकलेली, नोकरी करणारी. तिला आई नाही, म्हणून आम्ही दोघं डिंक, अळीव, खारीक असं सगळं बांधून घेऊन आलो. दिवाळीच्या तोंडावर सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. आणलेला डिंक फडताळात तसाच राहिला. अनघानं नोकरीवर जाणं बंद केलं, खिडक्यांचे पडदे खाली ओढले आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. ओळखीच्या बायका आल्या, रडल्या, गेल्या. मुकादमीण बाळाबद्दल एक शब्द बोलली नाही. रोज ताजा स्वयंपाक करून तिच्यापुढे ताट ठेवायची, उरलं तर उचलायची. मी म्हटलं, अगं, दोन शब्द तरी बोल तिच्याशी. तर म्हणाली, "खड्ड्यात पाणी असताना खडी टाकता का तुम्ही? आधी पाणी निघू दे."

पण पाणी निघेना आणि आमचा व्हिसा संपत आला. मार्चमध्ये परत जायचं होतं. सुनील सकाळी जाणार, अंधार पडल्यावर येणार. आपण गेल्यावर ही पोरगी दिवसभर एकटी त्या पडद्यांच्या आत, ह्या काळजीनं मुकादमिणीची झोप गेली. तिची झोप गेलेली मी त्याआधी पाहिलेली नव्हती.

तेवढ्यात सुनीलच्या ऑफिसातली मंडळी एका शनिवारी पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरावर निघाली. पहिल्यांदाच स्की करणाऱ्यांसाठी शिकवणी, मग फिरणं, संध्याकाळी परत. सुनीलनं अनघाला विचारलं, ती नको म्हणाली. तर ही ओट्याकडून म्हणाली, मला जायचंय. आम्हाला वाटलं, चेष्टा करते. म्हणाली, चेष्टा कसली, जन्मभर उतारावर रस्ते केले, एकदा उतारावरून मजेत खाली येऊन बघते. आणि मला इंग्रजी येत नाही, सुनील मित्रांत रमेल, हे तर मराठीतसुद्धा धड बोलत नाहीत, तेव्हा अनघा माझ्याबरोबर पाहिजे. अनघा आली. सासूला नाही म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढाही तिच्यात उरला नव्हता.

डोंगराच्या पायथ्याशी मोठी लाकडी इमारत. तिथं बूट, काठ्या, फळ्या भाड्यानं मिळतात. मुकादमिणीनं सुनीलची जाड पँट घातली होती, आयुष्यातली पहिली, आणि जाकिटावरून मंगळसूत्र. ते बूट म्हणजे लोखंडी साचाच. त्यात पाय कोंबला आणि ती किंचाळली. पायातली जोडवी रुतत होती. बूट देणारा पोरगा खुणेनं सांगू लागला, काढा. ती म्हणाली, नवरा समोर धडधाकट उभा असताना जोडवी काढू? मोठे बूट आणले तर त्यात पाय डुगडुगायला लागला. मागं रांग वाढली. सुनीलचे मित्र यार यार करत समजावू लागले. शेवटी मी म्हटलं, "काढ गं. मी काही त्यामुळे मरत नाही." तिनं विचार केला, जोडवी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "खिशात टाकायची नाहीत. मुठीत धरायची. तुमच्या मुठीत आहेत म्हणजे माझ्या पायातच आहेत." असा तिचा निवाडा. मग मी त्या थंडीत हातमोजा काढून दिवसभर मूठ आवळून उभा. जेवलोही डाव्या हातानं.

नवशिक्यांचा उतार म्हणजे आपल्याकडच्या शाळेच्या मैदानाएवढा. तीन-चार वर्षांची गोरी पोरं त्यावरून सुर्रकन खाली येत होती. पिवळ्या जाकिटातली एक मुलगी शिकवायला होती. मुकादमीण फळ्यांवर उभी राहिली आणि बसली. पुन्हा उभी राहिली आणि आडवी झाली. टोळीवरच्या बायकांनी पाहिलं असतं तर वर्षभर हसायला पुरलं असतं. अनघा आत इमारतीत खिडकीजवळ बसली होती, कोट घालून, काचेकडे पाठ करून. मला थंडी सोसेना म्हणून मी चहा प्यायला आत गेलो. परत आलो तर ही उताराच्या मधोमध पडलेली आणि भोवती माणसं.

पिवळी मुलगी हात देत होती, ही मान हलवत होती. सुनील धावत आला, त्यालाही नको म्हणाली. मी गेलो तर मला म्हणाली, तुमची मूठ बंद आहे, तुम्ही काय उचलणार. बर्फात आरामात आडवी पडलेली, काठ्या दोन बाजूंना, मागून येणारी पोरं वळसे घालून जातायत. सुनील खाली वाकून कुजबुजला, आई, लोक बघतायत. तर ही सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं म्हणाली, "मला अनघा उठवेल. बोलवा तिला."

बायकोला मी जन्मात कुणाकडे आधाराचा हात मागताना ऐकलं नव्हतं. मला वाटलं, कंबर मोडली. सुनील पळत आत गेला. अनघा आली ती साध्या बुटांनी, केस न विंचरलेले, चेहऱ्यावर रंग नाही. तिनं वाकून सासूच्या काखेत हात घातले, ओढलं, आणि तिचाच पाय सटकला. ती धाडकन मुकादमिणीच्या अंगावर पडली. उठायला गेली, पुन्हा पडली. मुकादमीण खालून म्हणाली, "अगं, मला उठवायला आलीस का पुरायला?"

अनघा हसली. आधी नुसता श्वास सुटल्यासारखा आवाज आला. मग ती बर्फात बसून पोट धरून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. दिवाळीपासून ती माणसांदेखत रडली नव्हती. मुकादमिणीनं तिला गप्प केलं नाही. तिथंच बर्फात तिचं डोकं छातीशी धरून बसली. पिवळ्या मुलीला काय कळलं कोण जाणे, तिनं दोन काठ्या बर्फात फुलीसारख्या रोवल्या आणि येणाऱ्या पोरांना बाजूनं जा, बाजूनं जा असं करत उभी राहिली.

मग अनघानंही बूट घेतले. दोघी पडत होत्या आणि एकमेकींना उठवत होत्या. पडण्यात सासू पुढं होती. दुपारनंतर मुकादमीण वरच्या टोकाला उभी राहिली, गुडघे वाकवले आणि निघाली. आली, आली, सरळ आली, न पडता आली. सुनीलचे मित्र 'काकू, काकू' ओरडत होते. फक्त थांबायचं कसं ते ती शिकली नव्हती. खाली मी उभा होतो. ती सरळ माझ्यावर आली आणि आम्ही दोघं मागच्या जाळीच्या कुंपणात. माझा चष्मा वाकडा झाला, मूठ मात्र मी सोडली नाही. तिनं पहिल्यांदा तेच विचारलं, जोडवी आहेत ना? माझी छाती त्या दिवशी केवढी फुगली होती ते मी तिला सांगितलं नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती. आता इथं सांगतो. साठी उलटलेली, सही करण्यापुरती शिकलेली माझी बायको अमेरिकेच्या डोंगरावरून उभ्यानं खाली आली.

त्यानंतर आम्ही इमारतीतल्या मोठ्या शेकोटीपुढं बसलो. ती बूट काढून, सुजलेली बोटं विस्तवाकडे करून. मी खाली बसून तिच्या पायात जोडवी घातली. आजूबाजूच्या गोऱ्या बायका कौतुकानं बघत होत्या, त्यांना ते लग्नाबिग्नासारखं काही वाटलं असेल. अनघा आणि सुनील चॉकलेटचं गरम दूध आणायला गेले तेव्हा मी हळूच विचारलं, खरंच उठता येत नव्हतं का गं? ती विस्तवाकडे बघत म्हणाली, "तुम्ही चहाला गेलात तेव्हा दोनदा पडले आणि दोनदा उठले."

परतीच्या वाटेवर गोठलेला धबधबा दाखवायला गाडी थांबवली. कड्यावरून पाणी जसंच्या तसं लोंबत होतं. मुकादमीण बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, अमेरिकेत धबधब्यालाही रजा मिळते. अनघानं तिचा फोटो काढला. घरी येताना अनघा पुढं बसून सुनीलशी बोलत होती. सोमवारी ऑफिसला फोन करते म्हणाली. मुकादमिणीनं मागच्या सीटवर माझा गुडघा दाबला.

रविवारी तेल लावून झाल्यावर ती म्हणाली, जरा पडते. अनघा चहा घेऊन गेली तेव्हा ती गेलेली होती. गाडी आली, माणसं आली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुनीलला सांगितलं आणि सुनीलनं मला, की हृदयाची नस जुनीच खराब होती, भाकरी थापतानाही हे झालं असतं.

आम्ही घरी परतलो तेव्हा शेजारच्या प्रधानकाकू पिठलं-भात घेऊन आल्या होत्या. भली बाई, अडीनडीला धावणारी. पण तोंडाला आवर नाही. म्हणाल्या, या वयात बर्फावर कशाला नेलं हो त्यांना. अनघा पाणी देत होती. तिनं तांब्या खाली ठेवला आणि खोलीत जाऊन दार लावलं. पडदे खाली ओढल्याचा आवाज मी बाहेर ऐकला. मग काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, उद्या अंत्यविधीच्या हॉलमध्ये वहिनींना साडी नेसवायची, ओटी भरायची, सवाष्ण गेल्यात ना. पण अनघाच्या हातून नको. तिचं तसं झालंय. मी एखादी लेकुरवाळी बघते. मी पिठलं-भाताचं भांडं उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं.

सकाळी मी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि अनघाच्या दाराशी गेलो. सुनील म्हणाला, बाबा, झोपू दे तिला. मी म्हटलं, नाही. दार वाजवलं. आतून रडका आवाज आला, "बाबा, माझ्यासाठी त्या तिथं आल्या. मीच नेलं त्यांना."

"तू नेलंस?" मी म्हटलं. "मुकादमिणीला कधी कोणी कुठं नेलंय? माझा सगळा जन्म गेला, मला जमलं नाही. ती स्वतःच्या मनानं गेली आणि तुला घेऊन गेली. आता बाहेर ये आणि तिची साडी काढ. कुठली काढायची ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे."

मी दारातच उभा राहिलो. मग कडी निघाली. हिरवी काठापदराची साडी तिनं बॅगेच्या तळातून काढली, पिना, बांगड्या घेतल्या. सुनीलच्या हातातून किल्ली घेतली आणि गाडीही तिनंच चालवली.

हॉलच्या दाराशी प्रधानकाकू उभ्या होत्या. हातात ताट, त्यात तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. बरोबर कोणी दोन पोरांची आई होती. तिला पुढं करून काकू मला म्हणाल्या, ह्या आल्यात, चला.

मी मध्ये उभा राहिलो. म्हटलं, "काकू, ओटी माझी सून भरेल. तुम्ही ताट धरा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, अनघाकडे पाहिलं. मग ताट दोन्ही हातांत नीट धरलं आणि अनघाच्या मागून आत गेल्या.