पांढऱ्या पेशींची अदलाबदल

आमच्या घरात शुगर होती ती एकट्या सुनंदाला, आणि अक्कल होती ती एकट्या मला. ही वाटणी बारा वर्षं सुखाने चालली होती.

सुनंदा म्हणजे माझी बायको. तिचं सगळं घड्याळावर. सकाळी गोळी, मग फिरणं, दुपारी मोजून एक वाटी भात. (मध्य प्रदेशातल्या, धानाच्या बालाघाटात राहून एक वाटी भात म्हणजे नदीकाठी राहून लोट्याने आंघोळ!) तिच्या वाटणीची जिलेबी वाया जाऊ नये म्हणून ती मी खात असे, आणि खाताखाता तिला पथ्यावर उपदेश करत असे. तहसील कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला दोन्ही कामं एकदम जमतात.

आमच्याकडे पल्लवी राहते. ती माझ्या किरनापूरच्या भावाची मुलगी, इथे कॉलेजात एम.एस्सी. करते. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "काकाजी, तुमचं थोडं रक्त पाहिजे होतं."

"काहून? आमचं काय चुकलं?"

"प्रोजेक्ट हाय जी. शुगरवाल्यायच्या पांढऱ्या पेशी अन् चांगल्या माणसायच्या पांढऱ्या पेशी, कश्या वागतात ते पाहाचं हाय. काकू शुगरमध्ये, तुम्ही चांगल्यामध्ये."

'चांगल्यामध्ये' हा शब्द मला आवडला. मी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून रक्त द्यायला गेलो. फॉर्मवर 'शेवटची तपासणी कधी?' असा रकाना होता. तिथे मी 'गरज पडली नाही' असं लिहून झोकदार सही ठोकली.

आता या प्रयोगात काय करतात? ते पल्लवीने त्या रात्री आम्हा दोघांना समजावलं. रक्ताच्या थेंबात खमीर टाकतात. तेच, बेकरीवाले पावात टाकतात ते. पांढऱ्या पेशींना वाटतं, जंतू आले. धडधाकट पेशी धावते, त्याला गिळते आणि पोटात नेऊन जाळते. जाळायचं रसायनही पेशी स्वतःच बनवते. त्यावर पल्लवी एक पिवळा रंग टाकते. जिथे जाळपोळ चालू असेल तिथे तो निळा होतो.

"अन् शुगरवाल्याची पेशी?" सुनंदाने विचारलं. तिच्या हातातलं काम थांबलं होतं.

"ते सुस्तावते, काकू. जंतू समोर असला तरी लवकर धरत नाही. अन् जंतू नसला तरी आपली उगीच थोडंथोडं जाळत बसते. त्यानं आपल्याच नसा खराब होतात. शुगर काबूत असली तर एवढं होत नाही म्हणतात. तेच पाहाचं हाय."

"बिचारी," सुनंदा म्हणाली. पेशीला की स्वतःला, ते कळलं नाही.

चार दिवसांनी पल्लवी तोंड उतरवून घरी आली. सगळ्या लोकांचे निकाल ठीक होते, फक्त दोन जणांचे उलटे. काकूच्या पेशी खमीर चणेफुटाण्यासारखं खात होत्या. काकाजींच्या पेशी बसून होत्या, आणि खमीर टाकायच्या आधीच निळ्या झाल्या होत्या.

मला क्षणभरही शंका आली नाही. "बाटल्या बदलल्या," मी म्हणालो. "माझी चिठ्ठी तिच्या बाटलीले लागली. कचेरीत असं नेहमी होत होतं. जमिनीचा खसरा एकाचा, नाव दुसऱ्याचं."

"मी स्वतः चिकटवल्या जी चिठ्ठ्या."

"चिकटवणारा हेच म्हणते. नावं बदलून टाक, झालं."

सोमवारी पल्लवीला सरांना वही दाखवायची होती. पेन्सिलीने तिने दोन नावांवर बाण काढले, आणि मी समाधानाने आडवा झालो. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. बाटल्या बदलल्या असतील, तर त्या सुस्तावलेल्या पेशी सुनंदाच्या ठरत होत्या. बारा वर्षांचं तिचं फिरणं आणि मोजलेला भात, सगळं फुकट गेलं असं तिला वाटलं. रविवारी तिने गोळी घेतली, दुप्पट चालली, आणि जेवली फक्त दोन फोडी काकडी.

संध्याकाळी आम्ही भाजीबाजारात होतो. मी वांग्यांचा भाव करत होतो. मागे वळून पाहतो तर सुनंदा बटाट्याच्या पोत्यावर बसलेली, घामाने भिजलेली, हात थरथरत होते.

"काय झालं वं?"

"डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली."

माझ्या हातातलं वांगं खाली पडलं. काय करावं ते मला सुचेना. भाजीवालीला सुचलं. तिने शेजारच्या टपरीवरून पाण्यात साखर ढवळून आणली आणि मलाच दटावलं, "साहब, हटो, हवा आने दो." सुनंदाने ते पाणी संपवलं. दहा-पंधरा मिनिटांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला. ती पंधरा मिनिटं मी तिचा हात धरून उभा होतो, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे द्यायला एकही उपदेश नव्हता.

घरी येताच पल्लवीने तिला खाऊ घातलं आणि शुगर मोजायची मशीन काढली. सुनंदाची उतरलेली साखर ठिकाणावर आली होती.

"दिवसभर काऊन नाही जेवल्या, काकू?"

"माह्या पेशी सुस्त झाल्या म्हणते ना तुहे काकाजी."

पल्लवीने मशीनमध्ये नवी पट्टी लावली आणि माझ्याकडे पाहिलं. "काकाजी, बोट द्या."

"मले काय झालं?"

"द्या न जी."

"द्या," सुनंदा म्हणाली. "दीड महिन्यापासून पायाच्या बोटाले चप्पल लागलेली हाय, ते भरून नाही राह्यली. मी रोज पाहून राह्यली."

मशीनने तीनशेच्या वरचा आकडा दाखवला. मी म्हणालो, मशीन बिघडली. पल्लवीने स्वतःचं बोट टोचलं, एकशेदोन. मी म्हणालो, जिलेबीचा हात असेल. तिने साबणाने हात धुवायला लावला. आकडा तीनशेच्या वरच राहिला. त्या घरात बारा वर्षं जो माणूस पथ्य सांगत होता, त्याला बहुधा कित्येक वर्षांपासून शुगर होती, आणि माझ्या पेशी बिचाऱ्या उगीच स्वतःलाच भाजत बसल्या होत्या.

पल्लवीने रबराने ते दोन बाण पुसले. सोमवारी तिने सरांना सगळं खरं सांगितलं. सर रागावले नाहीत. उलट म्हणाले, यालाच प्रयोग म्हणतात, या माणसाचा इलाज करा आणि तीन महिन्यांनी परत आणा.

मग गोळ्या, फिरणं आणि एक वाटी भात. मी सुनंदाच्या मागे चालायचो, कारण तिच्या बरोबरीने चालणं मला जमत नव्हतं. बोटाची जखम भरली. तीन महिन्यांनी पल्लवीने मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. जांभळट गोल पेशी होती, आणि तिच्या पोटात खमिराचे तीन दाणे. मी किती वेळ पाहत होतो कुणास ठाऊक. साठ वर्षं जी माझ्यासाठी राबली, तिची माझी ही पहिलीच भेट.

वर्षाच्या शेवटी कॉलेजात पल्लवीने आपलं काम सगळ्यांसमोर मांडलं. आम्ही दोघं मागच्या ओळीत बसलो होतो. ती म्हणाली, एक नमुना असा होता, की त्या व्यक्तीने स्वतःला निरोगी लिहून दिलं होतं, आणि निकाल चुकीचा आहे म्हणून दुसऱ्याच्या नावावर टाकायलाही सांगितलं होतं. हॉल हसला.

माझ्या शेजारी कुणा विद्यार्थ्याचे वडील बसले होते. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "भैया, ऐसा मूरख कौन होगा?"

सुनंदाने पदर तोंडाला लावला.

"होगा कोई," मी म्हणालो. "घरवाली समझदार होगी, इसलिए बच गया."