बिनकार्डाचा नट

त्या माणसाचं तोंड आठवलं की आजही ओठांवर शिवी येते. मुंबईतला कोऑर्डिनेटर तो. म्हणजे मालिकावाल्यांना नट पुरवणारा अन् नटांना कामं मिळवून देणारा मधला माणूस. आणि त्याच्या दारात मी माझ्या पायांनी गेलो होतो, कुणी ढकललं नव्हतं.

परभणीत मी दहावीच्या गणिताची शिकवणी घ्यायचो, पण जीव सगळा नाटकात. जयंतीच्या स्टेजपासून सुरुवात, मग एकांकिका स्पर्धा. ढाली कपाटात मावेनात. पण कलाकारांच्या संघटनेचं कार्ड नव्हतं. कार्ड नाही तर बोलायचं काम नाही, अन् बोलायचं काम केलेलं नाही तर कार्ड नाही, असं दहा जणांनी ऐकवलं. आता बोला! वयाला चौतिसावं लागलं होतं. एक धड बोलायची भूमिका आणि ती मिळवून देणारा एक माणूस, एवढंच मला पाहिजे होतं.

बाकीच्यांनी फोनच उचलले नाहीत. हा म्हणाला, "इंट्रो पाठव." म्हणजे नाव, गाव, उंची सांगायची, डावीकडून-उजवीकडून चेहरा दाखवायचा. आमच्या घरात कुठलाही फोटो बैठकीतल्या बुद्धाच्या तसबिरीसमोरच काढतात, तसा मी तिथंच उभा राहिलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पूर्ण नाव आडनावासकट खणखणीत. मोबाइल वडिलांनी धरला. रिटायर हेडमास्तर माणूस, तीनदा काढायला लावलं.

तासाभरात त्याचा फोन. "चेहरा चांगलाय. तुझा टाइप कळला मला."

मला वाटलं, नट म्हणून टाइप. गाढव मी! पहिल्या कामात ओट्याखाली उकिडवा बसलेला सालगडी झालो. दुसऱ्यात चोरीच्या आळावरून मार खाल्ला. तिसऱ्यात पाया पडलो. तोंडातून शब्द एकातही नाही. आमच्याच नाटकाच्या ग्रुपमधला एक दोस्त, गंगाखेडकडच्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरचा, स्टेजवर वाक्य विसरला की माझ्याकडं बघायचा. बिनकार्डाचाच तोही. त्याला ह्याच माणसानं सरपंच केला, दोन पानं डायलॉग देऊन. तवा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी विचारलं, "साहेब, एखादा मास्तर, वकील नाही का?"

"अरे, ते तुझ्यावर बसत नाही. लोकांना पटायला पाहिजे ना!"

बाप हेडमास्तर, बहीण वकील, अन् माझ्यावर बसत नाही म्हणे. थू त्याच्या अकलेवर! तरी मी फोन ठेवला नाही. कारण पुढचं वाक्य होतं, "ह्या वेळी चार डायलॉग आहेत. मग कार्डाचंही बघू."

मालिका जुना काळ दाखवणारी होती. सेटवर पोचेपर्यंत चारातले तीन डायलॉग उडाले होते. विहिरीपाशी बसायचं, ओंजळ धरायची, वरून एक जण पाणी ओतणार, ते प्यायचं अन् म्हणायचं, "लय उपकार झाले, मालक." "अजून वाक," असं ओरडत दिग्दर्शकानं तो शॉट सहा वेळा घेतला. मी सहाही वेळा वाकलो. इथं मला त्या कोऑर्डिनेटरपेक्षा माझीच जास्त घाण वाटते.

घरी मी फक्त बोलायचं काम मिळालं एवढंच सांगितलं होतं. वडिलांनी सगळ्या गल्लीला आवतण दिलं, खुर्च्या मांडल्या. आईनं पोह्यांचं पातेलं चढवलं. टीव्हीवर माझा सीन झाला. शेजारी "मस्त, मस्त" म्हणत, माझ्याकडं न बघता चपला शोधायला लागले. सगळे गेले तरी वडील खुर्चीतच.

"ओंजळ चुकली तुझी," ते म्हणाले.

"काय?"

"कोपरं खाली सोडलीस. अशी वर उचलून धरायची असतात. न्हाईतर पाणी बाहीत शिरतंय, अन् वरचा तवर ओतायचं थांबतोय. तहान तशीच राहती."

त्यांनी हात तोंडाशी नेऊन दाखवलं. हात बरोबर जागेवर गेले, एकदम. आईच्या हातातली बशी तशीच राहिली. ह्या माणसानं जन्मभर शाळा केली, गांधीलमाशी चावल्यापासून विहिरीत पडल्यापर्यंत स्वतःच्या लहानपणीचं सगळं आम्हाला सांगितलं. हे कधी सांगितलं नव्हतं.

सकाळी कोऑर्डिनेटरचा फोन. लय खुशीत होता. "चॅनलवाले खूश आहेत! काय नॅचरल ओंजळ धरलीस राव! हे शिकवून येत नसतं, रक्तात असावं लागतं. अजून दोन कामं आहेत, अशीच. कार्डाचंही झालं समज."

"चुकली होती ती," मी म्हणालो.

"काय चुकलं?"

"ओंजळ. मला येत न्हाई ती. माझ्या बापानं मला शिकवलीच न्हाई."

आणि फोन कापला.