अक्कानं पाहिलेलं ओसाका

माझी थोरली बहीण अक्का बघायला जायची. बायका देवाला जातात, बाजाराला जातात, लग्नाला जातात. अक्का नुसती बघायला जायची. पाचोऱ्याजवळ मालगाडीचं इंजिन रुळावरून उतरलं, तेव्हा हिनं फडक्यात भाकरी बांधली, जळगावहून गाडी पकडली आणि बाभळीखाली बसून इंजिन परत रुळावर चढेपर्यंत बघत राहिली. संध्याकाळी धुळीनं माखून घरी आली. मी विचारलं, "काय मिळालं?" ती म्हणाली, "देखाले काय पैसा पडस?"

हे तिचं नेहमीचं उत्तर. एदलाबादला मुक्ताईच्या दर्शनाला आम्ही गेलो, बाकीचे नारळ फोडून बैलगाडीत येऊन बसले आणि अक्काचा पत्ता नाही. शोधलं, तर ती नदीच्या काठाने एकटीच चाललेली. "देव देखाई गया," ती म्हणाली, "आते देवनं गाव देखस." गाडीवाला चिडला होता. खोळंब्याबद्दल त्यानं जास्त पैसे मागितले आणि मी त्याच्याशी असा भांडलो की त्यानं बैल सोडून दिले. शेवटी अक्कानं त्याला प्रसादाचा गूळ दिला, पोराबाळांची चौकशी केली, तेव्हा बैल पुन्हा जुंपले गेले.

आमचे आईवडील लवकर गेले. चुलत्याकडे भाकरी फुकट होती, म्हणजे पहाटे गोठा, दुपारी शेत आणि रात्री चुलत्याचे पाय. नवरा वारल्यावर अक्का परत आली, तिनं ते पाहिलं आणि माझा हात धरून मला जळगावला आणलं. ती पापड लाटायची, मी जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, सरकी झाडायचो. झाडता झाडता कापूस कळायला लागला, आणि कापसापेक्षाही कापूस विकणारा माणूस कळायला लागला. दुकानात शिरलो की मी वस्तूकडे पाहतच नाही, दुकानदाराच्या तोंडाकडे पाहतो. त्यावर मी दलाल झालो, घर बांधलं. मला कुणी काही दिलं नाही आणि मी कुणाला काही सोडलं नाही.

आमच्या बाजारात तेव्हा सौदा तोंडानं होत नसे. दोघांनी हात पुढे करायचे, वर खांद्यावरचा रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांनाच कळे. पुढे बाजाराचे नियम आले आणि ही रीत मोडली, पण आमच्या हातांची सवय मोडली नाही. रुमालाखाली माझ्यासारखी बोटं कुणाची नव्हती, हे माझे शत्रूही सांगतील.

त्या वर्षांत आपला कापूस जपानला जाई. खरेदीसाठी एक जपानी साहेब हंगामात जळगावला येऊन बंगला भाड्यानं घेऊन राही. माझा बराचसा माल तोच घेई. अक्काला हे कळल्यावर ती दुसऱ्याच दिवशी बंगल्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. साहेब व्हरांड्यात जेवत होता. तिनं मन लावून पाहिलं आणि घरी येऊन मला बातमी दिली, "दोन काड्यासघाई जेवस, पन एक शीत सांडस नही!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, तो साहेब आहे, त्याच्या फाटकाशी काय उभी राहतेस? ती म्हणाली, "साहेब तुना. मना पाव्हना शे." आणि खरोखरच पुढच्या आठवड्यात साहेबानं मला विचारलं, "तुम्हारा बहन अच्छा है? फिर देखने आएगा?" तो हिंदी असंच बोलायचा, पण हसताना डोळे मिटून हसायचा. त्यानं अक्कासाठी त्याच्या गावाची रंगीत चित्रकार्डं दिली. ओसाका. एक उंच किल्ला, कालवेच कालवे आणि त्यांच्यावर पूल. अक्कानं ती कणकेच्या खळीनं स्वयंपाकघराच्या भिंतीवर, चुलीच्या धुरापासून लांब, चिकटवली.

त्याच हंगामात बाजारात निघालं की आम्ही काही दलाल-व्यापाऱ्यांनी मिळून जपान बघून यावं. बोटीनं कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत जायचं, गिरण्या बघायच्या, ओळखी वाढवायच्या. मी घरी सांगितलं. अक्का पीठ मळत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "गिरन्या तुम्ही देखशात. गाव कोन देखी?"

अशी ती जायची ठरली आणि आमच्या घरात ओसाकाची तयारी सुरू झाली. गच्चीवर बिबडे आणि कुरडया वाळायला लागल्या. दादर ज्वारीचं पीठ बोटीत किती दिवस टिकेल यावर गल्लीतल्या बायकांची पंचायत बसली. एक म्हणाली, "अक्का, तठे चूल भेटी का?" अक्का म्हणाली, "मानसं शेतस ना? मंग चूल व्हईच." भिंतीवरल्या कार्डांसमोर उभी राहून ती बेत सांगे: पहिल्या दिवशी किल्ला, सकाळच्या उन्हात, दुसऱ्या दिवशी पूल, पायी, साहेबानं सांगितलेलं बाहुल्यांचं नाटक दिवेलागणीला. कोणत्या पुलावरून कोणत्या पुलावर जायचं हेही तिनं ठरवलं होतं. एका कार्डावर बोट ठेवून मला म्हणायची, "ही देख भाऊ, पुलवर छत्री लिसन उभी शे. माले लेवाले उनी शे." चित्रातली बाई तिला न्यायला आलीय, यालाही मी हिशेबाच्या नादात "हो हो" म्हणे. भिंतीकडे मी पाहिलंच नव्हतं.

पासपोर्टाला फोटो हवे होते. जळगावच्या फोटोवाल्यानं सांगितलेला दर मला पटला नाही, म्हणून मी अक्काला घेऊन धुळ्याला निघालो. मोटारीत ती हसून म्हणाली, "गाडीभाडं कोन देई, तुना फोटोवाला?" धुळ्याच्या फोटोवाल्याला मी सांगितलं, दोघांचा मिळून एकच फोटो काढ, एकाचेच पैसे घे, मधून कापून घेऊ. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, कापायला कापू. पण अक्कांचा एक खांदा तुमच्याबरोबर जपानला जाईल." दुकानातली माणसं हसली, अक्काही हसली. मग माझा आवाज चढला, मी त्याच्या बापापर्यंत गेलो आणि ती हसायची थांबली. पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. शेवटी त्यानं दर उतरवला, हे खरं. परतीच्या मोटारीत तिनं पदर मागे सारला. मग म्हणाली, "भाऊ, तठे बी असाच करशी का?"

मी म्हटलं, तिथे तर जास्तच करावं लागेल, परक्या गावात माणूस नागवला जातो. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

जायच्या आधी अक्कानं साहेबाला जेवायला बोलावलं. मला सांगितलंही नाही, परस्पर निरोप धाडला. तो एकटाच आला, बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवले. अक्का खापरावर पुरणपोळ्या करत होती. दोन्ही हातांवर पोळी फिरवत फिरवत ती ताटाएवढी मोठी करायची आणि उलट्या खापरावर टाकायची. साहेबासाठी मी खुर्ची मांडली होती, पण तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसला आणि लहान पोरासारखा बघायला लागला. प्रत्येक पोळीला "ओ!" करी. अक्काला हसू आवरेना. पोळी फाटली तेव्हाही त्यानं "ओ!" केलं, तेव्हा तर ती डोळे पुसायला लागली. दोघं एकाच जातीची होती, बघणाऱ्यांच्या. मी मधल्या खोलीत खुर्चीशेजारी उभा होतो.

भरीत, कळण्याची भाकरी, पुरणपोळी, सगळं तो हातानं जेवला, आणि तरीही एक कण सांडला नाही. हात धुऊन झाल्यावर आम्ही सतरंजीवर बसलो. अक्का पानाचं तबक घेऊन आली. साहेब तिच्याकडे वळून म्हणाला, "होटल नहीं. हमारा बड़ा बहन का घर. पुल के पास. बहन तुमको सब दिखाएगा. जितना दिन मांगता, रहो."

अक्काचं तोंड असं उजळलं की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. मी मात्र पुढचा हंगाम मोजायला लागलो. जपानहून परतलो की थोड्याच दिवसांत नवा माल बाजारात येणार होता. हा माणूस मला घरात ठेवून घेणार, माझ्या बहिणीला गाव दाखवणार आणि मग हंगामात माझ्यासमोर हात पुढे करणार. तेव्हा मी कोणत्या तोंडानं भाव चढवू? फुकटच्या भाकरीची किंमत मला चुलत्यानं शिकवली होती. राहण्याजेवणाचं जे काय द्यायचं ते आधी ठरलेलं बरं. मला मिंधं व्हायचं नव्हतं, एवढंच माझ्या मनात होतं. आजही मी ते तसंच सांगेन.

मी खांद्यावरचा रुमाल काढला, साहेबाच्या उजव्या हातावर टाकला आणि आत हात घालून त्याची बोटं धरली. विचारलं, काय आकडा?

बाजारात त्याची बोटं माझ्याइतकीच चपळ होती. त्या दिवशी ती माझ्या हातात नुसती पडून राहिली. अक्का तबक घेऊन तशीच उभी होती. थोड्या वेळानं त्यानं हात हळूच काढून घेतला. माझा रुमाल उचलला, चौघडी घातली आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवला. "भाव बाजार में," तो म्हणाला. मग उठून अक्काला कमरेत वाकून नमस्कार केला, तिनं दिलेला विडा घेतला आणि बूट घालून गेला.

अक्कानं तबक खाली ठेवलं. ताटं उचलली, जमीन सारवली. सकाळी उठून पाहतो तर डबे उघडे, आणि ती बिबडे, कुरडया गल्लीत वाटत फिरत होती. म्हटलं, हे काय?

"मी नही येवाव."

"का पण?"

ती थांबली. "त्यानी बहीण माले ताट वाढी, अन् तू तिना हातवर रुमाल टाकशी," ती म्हणाली. "माले लाज वाटी."

मी ओरडलो. चुलत्याचा गोठा काढला, तिच्यासाठी बांधलेलं घर काढलं, मी नसतो तर तू अजून पापड लाटत असतीस म्हणालो. सगळी गल्ली ऐकत होती. ती ऐकून घेत होती आणि हातातल्या कुरडया शेजारणीच्या सुपात नीट लावून ठेवत होती. मग मीही गेलो नाही. बाकीचे जाऊन गिरण्या बघून आले.

त्यानंतरही साहेब माझा माल घेत राहिला. भाव चोख, बोलणं गोड, वागणं तसंच. ओसाकाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर मी चार दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. लढाईचे ढग जमायला लागल्यावर तो परत गेला. जाताना आमच्या घरी येऊन गेला, पण मी त्या दिवशी धुळ्याला होतो. रात्री अक्का म्हणाली, "पाव्हना उनथा." मग अंथरूण घालायला लागली. 

अक्का पुढेही बघायला जात राहिली. गिरणेचा पूर, जामनेरचा बैलबाजार, विमान उतरलं म्हणून कुठेतरी माळावर. शेजारणींना न्यायची. मला पूर्वी विचारायची, "येस का रे भाऊ?" मी पूर्वीही जात नसे. पण ती विचारायची. त्यानंतर तिनं मला कधी विचारलं नाही, आणि हे मी तिला माफ केलेलं नाही. माणूस एकदा चुकला तर त्याला बघायला नेणं बंद करायचं असतं का?

लढाई संपत आली तेव्हा पेपरात आलं की ओसाका बाँबनी जळून गेलं. मी ते अक्काला वाचून दाखवलं. ती तेव्हा अंथरुणाला लागली होती. माझ्या मनातलं जुनं तोंडावर आलंच. म्हटलं, तेव्हा आली असतीस तर बघून तरी झालं असतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "मनं देखीसन व्हई गयं, भाऊ," ती म्हणाली. "तुनंच ऱ्हायनं."

मग तिनं विचारलं, "त्यानी बहीण व्हई का रे जित्ती?"

 त्या बाईचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. ती आम्हाला आपल्या घरात ठेवून घेणार होती, आणि मी तिच्याबद्दल विचारलं होतं ते एवढंच, काय आकडा.

अक्का त्याच पावसाळ्यात गेली. दिवाळीला रंगारी घर पांढरं करायला आला. स्वयंपाकघराच्या भिंतीवरची कार्डं खरवडून काढायला त्यानं पत्रा लावला, तेव्हा मी त्याला थांब म्हणालो. चष्मा आणला आणि जवळ गेलो. किल्ला धुरानं काळवंडला होता. पूल मात्र स्वच्छ होता, अक्काच्या बोटानं पुसून पुसून. त्यावर खरंच एक बाई उभी होती, नखाएवढी, छत्री घेतलेली. तोंड आमच्या घराकडे.

रंगारी मागे ताटकळत होता. म्हटलं, एवढी जागा सोड, बाकीची भिंत कर.

मी कसा माणूस आहे हे त्याला ठाऊक होतं. भांडण नको म्हणून तो आपणच म्हणाला, "शेठ, तेवढ्याचे पैसे कमी करतो."

"नको," मी म्हणालो.