जिलबीचं लांबलेलं ऑपरेशन

टेबलावर जिलबी निपचित पडली होती आणि तिचा मालक मला लॅपटॉपवर ग्राफ दाखवत होता.

जिलबी म्हणजे सात वर्षांची गोल्डन रिट्रीव्हर कुत्री. मालक कौस्तुभ, मूळचा पुण्याचा, एका आयटी कंपनीत डेटा सायंटिस्ट. राहतो बंगळूरच्या एका टोकाला, व्हाइटफील्डला. माझं क्लिनिक बसवनगुडीत. त्या ट्रॅफिकमधून इथे पोचेपर्यंत धडधाकट माणूस आजारी पडतो, पण ही मंडळी माझ्याकडेच येतात, कारण मी मराठी बोलते. आमचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. माझ्या मराठीला पुण्याची माणसं हसतात. कुत्र्याला जुलाब झाले की तेच मराठी त्यांना गोड लागतं.

"डॉक्टर, हे बघा," कौस्तुभ म्हणाला. "ज्या गोल्डन्सचं नसबंदीचं ऑपरेशन लवकर झालं, त्यांच्यात सांध्यांचे आजार..."

"लॅपटॉप आधी बाजूला घ्या. तिच्या पोटाला टेकलाय."

तो ग्राफ खोटा नव्हता. जिलबी पिल्लू असताना मीच त्याला सांगितलं होतं, मोठ्या जातीची आहे, घाई नको. अलीकडचं संशोधन तेच म्हणतं. हाडांची वाढ पुरी व्हायच्या आत अंडाशयं काढली, तर मोठ्या जातीच्या कुत्र्यांना पुढे सांध्यांचा त्रास होण्याची शक्यता वाढते. गोल्डनच्या बाबतीत काही कॅन्सरबद्दलही उलटसुलट अभ्यास चालू आहेत. म्हणून मी म्हटलं होतं, दीड वर्षाची होऊ दे, मग करू.

कौस्तुभने 'घाई नको' एवढं ऐकलं आणि तिथेच पूर्णविराम दिला. दरवर्षी रेबीजच्या इंजेक्शनला आला की मी विचारायची, "काय ठरलं?" तो म्हणायचा, "रिसर्च अजून सेटल झालेला नाही." जणू जगातले सगळे शास्त्रज्ञ एकमत झाल्याचं याला येऊन कळवणार होते.

त्याच्या आई, नलिनीकाकू, वेगळ्याच कारणाने विरोधात होत्या. "एकदा तरी आई होऊ दे हो बिचारीला," हे त्यांचं शास्त्र. एकदा पिल्लं झाली की कुत्रीची तब्येत सुधारते, याला काडीचाही आधार नाही. पण आमटीतल्या मिठावरूनही पटत नसलेले मायलेक या एका मुद्द्यावर एक झाले होते. सून ऋचा ऑपरेशनच्या बाजूने. दोन विरुद्ध एक. जिलबीला मत नव्हतं.

आता त्या ऋचालाच मी विचारलं, "तू सांग, काय काय झालं?"

"मागच्या महिन्यात हीटवर आली होती," ती म्हणाली. "या आठवड्यात सारखी पाणी पितेय. सारखी सू. कालपासून उलट्या, आणि खाणं बंद."

"उन्हाळा आहे ना," कौस्तुभ म्हणाला. "मी तिच्या पाण्याचा टेंपरेचरशी संबंध लावून बघितला. कोरिलेशन चांगलं येतंय."

मी पोट चाचपलं. फुगलेलं आणि घट्ट. हिरड्या फिक्या. सोनोग्राफी लावली आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याला स्क्रीनवर दिसलेलंच खरं वाटतं, एवढं मला एव्हाना माहीत झालं होतं.

"या काळ्या नळ्या दिसतात? हे गर्भाशय. पुवाने भरलंय."

याला पायोमेट्रा म्हणतात. कुत्री हीटवर, म्हणजे माजावर, येऊन गेली की गर्भाशय दर वेळी पिल्लांची तयारी करतं. पिल्लं येत नाहीत, पण त्या मऊ अस्तरात जंतू मात्र मजेत राहतात. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो, घरच्यांना कळतं. बंद असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही आणि आत साठत राहतं. जिलबीचं बंद होतं. कधीही फुटलं असतं.

"औषधाने नाही होणार?" कौस्तुभने विचारलं. "एका पेपरमध्ये मी..."

"तो पेपर तोंड उघडं असलेल्या तरण्या कुत्र्यांचा असेल. ही सात वर्षांची आहे आणि हिचं बंद आहे. हिचं गर्भाशय आजच काढायला हवं."

"रिस्क किती परसेंट?"

"ऑपरेशनमध्ये रिस्क आहे. न केलं तर रिस्क नाही, खात्री आहे."

त्याचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला. तेवढ्यात कोपऱ्यातून नलिनीकाकूंचा आवाज आला.

"कौस्तुभ, मिट ते यंत्र!"

काकूंना डायबेटिस. पुण्यात असताना डॉक्टरांनी चाला म्हणून जीव काढला, पण काकू सोफ्यावरून हलल्या नाहीत. इथे आल्यावर जिलबीने त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ ओढत नेलं आणि शुगर ताळ्यावर आली. जिलबीने शुगर उतरलेली माझ्या ओळखीत ही एकच बाई. त्या टेबलाजवळ आल्या. जिलबीच्या कानावर हात ठेवला. तिने शेपूट हलवायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"आता तिने काही आई-बिई व्हायला नको," काकू म्हणाल्या. "फक्त घरी येऊ दे. करा तुम्ही, डॉक्टरीणबाई."

सलाइन आणि अँटिबायोटिक देऊन तिला जरा सावरलं, मग भूल दिली. वेळेत केलं असतं तर हेच साधं ऑपरेशन ठरलं असतं. निरोगी गर्भाशय पेन्सिलीएवढं बारीक. हे माझ्या मनगटाएवढं, आणि इतकं ताणलेलं की चिमटा मी अगदी हलक्या हाताने लावला. मध्येच ब्लडप्रेशर कोसळलं. माझी असिस्टंट मंजुळक्का मॉनिटरकडे बघत तिच्या कानडी मिसळलेल्या मराठीत "मॅडम, स्वल्प थांबा" म्हणाली. सलाइनचा वेग वाढवला, औषध दिलं आणि दोघी त्या आकड्याकडे बघत उभ्या राहिलो. तो हळूहळू वर आला. पुढचं काम मी घाई न करता संपवलं. गर्भाशय न फुटता बाहेर निघालं.

बाहेर तिघं बाकावर बसले होते. काढलेलं गर्भाशय ठेवलेला ट्रे मी कौस्तुभसमोर धरला. त्याने एकदा बघितलं आणि डोकं गुडघ्यांत घातलं. त्याला पाणी ऋचाने दिलं. "मी म्हटलं होतं" असं ती म्हणाली नाही. मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी जिलबीने दहीभात खाल्ला. टाके काढायला आली तेव्हा काकूंना ओढतच आत घेऊन आली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण कौस्तुभला पश्चात्ताप झाला, आणि डेटा सायंटिस्टचा पश्चात्ताप पॉवरपॉइंटमध्ये उतरतो. त्याने सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये प्रेझेंटेशन दिलं. माझ्या ट्रेचा फोटो त्यात होता म्हणे. पुढच्या आठवड्यात त्यांच्या सोसायटीतले एक गृहस्थ घामाघूम होऊन क्लिनिकमध्ये आले. कडेवर तीन महिन्यांचं रॉटवायलर पिल्लू.

"डॉक्टर, आजच ऑपरेशन करून टाका," ते म्हणाले. "उशीर झाला की गर्भाशय फुटतं, कौस्तुभने सांगितलंय."

मी पिल्लू उलटं करून बघितलं.

"हा नर आहे," मी म्हटलं. "याला गर्भाशय नाही."

"पण स्लाइडमध्ये तर..."

"याची वाढ पुरी होऊ दे. दीड वर्षाने या, तेव्हा बघू."

ते नाराज होऊन गेले. संध्याकाळी कौस्तुभचा मेसेज आला, की मी ऑपरेशन पुढे ढकलतेय याला संशोधनाचा काय आधार आहे.

कुठल्या कुत्र्याचं ऑपरेशन कधी करायचं हे त्याची जात, वय, तब्येत आणि तो नर की मादी यावर ठरतं. मालकाने कालच काय वाचलं, यावर ठरत नाही.